सगुणेची चुन्याची निवळी

एकदा काय झालं, एका राजाचं पोट बिघडलं. राजा म्हणजे पक्का खादाड, बरं का. वैद्यबुवा आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "महाराज, महिनाभर नुसता दूधभात. तिखट नाही, तेल नाही, हळदीचं बोटसुद्धा नाही." राजाचं तोंड एवढंस्सं झालं. पण वैद्यबुवांपुढे राजाचंही काही चालत नाही.

त्या राजाला एक मुलगी होती, सगुणा. तिला बाहुल्या नकोत की हत्तीवर बसणं नको. ती आपली दिवसभर स्वयंपाकघरात. खायच्या सोड्यावर लिंबू पिळायची आणि फसफस बघत बसायची. पाण्यात मीठ घालून घालून अंडं तरंगवायची. एकदा तिनं हळदीत आजीच्या पानाच्या डब्यातला चुना कालवला, तर हळद लालभडक. मग काय, आठ दिवस वाड्यात जे हळदीचं दिसेल ते लाल. प्रधानजींचं वरण सांडलेलं उपरणंही सुटलं नाही.

मग एके दिवशी राणीसाहेबांची लिंबाच्या लोणच्याची बरणी रिकामी सापडली. तीन वर्षं मुरलेलं लोणचं, बोटानं पुसून खाल्लेलं. राणीसाहेब म्हणाल्या, "हिच्याशिवाय तिथे लुडबुडतं कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. राजानंही डोलावली, जरा जास्तच जोरात. आणि हुकूम सोडला, "चोरानं उद्यापासून स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. कध्धीच नाही."

सगुणा चटकन पुढे झाली. स्वयंपाकघर गेलं तर तिचं उरलं काय? ती म्हणाली, "मी चोर शोधून देते. लोणच्यात हळद असते, आणि चुन्यापुढे हळद लपत नाही."

मग तिनं पाण्यात चुना कालवला. तो खाली बसू दिला. वरची निवळी, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, परातीत ओतलं. "एकेकानं हात बुडवा. लाल होईल तो चोर."

आधी आला धोंडू आचारी. हात लाल. मग प्रधानजी. हात लाल. मग साक्षात राणीसाहेब. त्यांचाही लाल. अहो, वरणभात कालवून जेवणाऱ्याच्या बोटांना हळद नसेल तर काय केशर असेल? शेवटी सगुणेनं आपला हात बुडवला. तोही लाल. सगळे फिदीफिदी हसायला लागले आणि तिचे डोळे भरून आले.

सगळ्यात मोठ्यानं हसला राजा. हसता हसता त्यानं बाही वर सारली. "वेडाबाई, तुझं हे पाणी साऱ्या जगाला चोर ठरवील. हे बघ." आणि त्यानं हात बुडवला. पाची बोटं लाल.

"बघितलंस?" राजा म्हणाला.

सगुणेनं बघितलं. नीट बघितलं. मग हळूच म्हणाली, "आबासाहेब, आम्ही वरण खातो. तुम्ही तर वीस दिवस दूधभात खाताय."

राजाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं हात पाठीमागे नेला. वैद्यबुवांनी कपाळावर हात मारून घेतला आणि दूधभाताचा महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

"दुपारी सगळे निजले होते," राजा खाली मान घालून म्हणाला. "आधी एकच फोड घेतली होती. मग राहवेना. पोरी, तुझ्यावर आळ आला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला लाज वाटली."

"मला फार वाईट वाटलं, आबासाहेब," सगुणा म्हणाली. राजानं तिला जवळ घेतलं. पण हुकूम तो हुकूम, तो काही मागे घेता येईना.

तेव्हापासून रोज दुपारी राजा दूधभाताची वाटी घेऊन उंबरठ्याच्या बाहेर बसतो. आत सगुणेची खुडबुड चाललेली असते. राजा मान उंच करकरून विचारतो, "आज काय गं करत्येस? मला दाखव ना."

सगुणा म्हणते, "आधी दूधभात संपवा. मग दाखवते."

आणि राजा निमूटपणे संपवतो. अशी ती सगळी सुखात आहेत. चला, आता तुम्हीही निमूटपणे पांघरूण घ्या. चुना उद्या मी काढून देईन, पण तो हात डोळ्यांना लावायचा नाही. मिटा बघू डोळे.