तुळ्याच्या आठ लेकी

एका डोंगरपाड्यावर एक भोळा गडी राहत होता. नाव तुळशीराम. एवढं लांब नाव घेऊन हाक मारायला कुणाला सवड नव्हती, म्हणून सगळे तुळ्या म्हणत. सांगितलं ते तो करायचा. न सांगितलेलं कधी करायचा नाही. पाड्यात त्याला फार मान होता, कारण बाकीचे सांगितलेलंही करत नसत.

पाड्याचं नाव करवंदवाडी. घरं बावीस. विजेचे खांब डोंगराच्या पायथ्यापर्यंत आले होते आणि तिथंच दम लागून उभे राहिले होते. पाणी खाली, ओहोळाच्या डोहात. बायका दिवसातून तीनदा उतरायच्या आणि डोक्यावर हंडे घेऊन तीनदा चढायच्या. पुरुष चढत नसत. त्यांना तहान लागत नव्हती असं नाही.

तुळ्याची बायको ठकी. तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. चढणीवर ती तीन ठिकाणी बसायची, गुडघ्याला शिव्या द्यायची आणि उठायची.

मग एका संस्थेच्या मोकाशी मॅडम मोटारसायकलवर आल्या. मागून टेम्पोतून सोलरच्या आठ प्लेटा आल्या, एक पंप, एक टाकी आणि भेंडोळंभर नळी. उन्हावर पंप चालायचा आणि डोहातलं पाणी आपलं आपण वर यायचं. पहिल्यांदा टाकीत धार पडली तेव्हा ठकीनं रिकामा हंडा पालथा घातला आणि त्याच्यावर बसून राहिली.  

मॅडम म्हणाल्या, "पंप एकच आहे. पलीकडचा पळसपाडाही मागतोय. दर सोमवारी मी येईन. चौथ्या सोमवारी पंप जिथं चालू दिसेल, त्या पाड्याच्या नावावर कागद करीन. नीट सांभाळा."

सांभाळायचं कुणी? पंच बसले. मॅडमनी सगळ्यांना पाना धरायला शिकवलं होतं, नट सोडायला-आवळायला शिकवलं होतं. पाना सरळ धरणारं पाड्यात एकच माणूस निघालं, ते म्हणजे ठकी. म्हणून तिचं नाव कुणी काढलं नाही.

"बाईमाणसाला मशीनमधलं काय कळतं?" पंच म्हणाले. "तुळ्याला द्या. सांगितलं ते करतो."

मॅडमनी तुळ्याला समोर उभं केलं. "तुळशीराम, या प्लेटा लेकीसारख्या जपायच्या. तोंड दक्षिणेला राहू द्यायचं. वादळाचं चिन्ह दिसलं तर नट सोडून घरात न्यायच्या. कळलं?"

"कळलं," तुळ्या म्हणाला.

तुळ्याला मूलबाळ नव्हतं. लेक कशी जपतात ते बघायला तो शेजारी गेला. शेजारीण लेकीच्या डोक्याला तेल थापत होती. तुळ्या घरी आला, तेलाची बुधली उचलली आणि आठही प्लेटांना चोपून तेल लावलं. वेणी कुठं घालायची ते मात्र त्याला सापडलं नाही.

दुपारी वारा सुटला. सगळ्या डोंगराची माती येऊन प्लेटांवर बसली. पंप खोकला आणि निजला.

सोमवारी मॅडम आल्या. "अहो, तेल कशाला? कोरड्या फडक्यानं पुसायचं! धूळ दिसली की पुसायची."

"असं होय," तुळ्या म्हणाला.

धूळ काय, दिसायची थांबते का? तुळ्या उजाडल्यापासून फडकं घेऊन प्लेटांसमोर उभा. एक कण बसला की पुसला. दुसरा बसला की पुसला. जेवलाही उभ्यानंच. पुढच्या सोमवारपर्यंत प्लेटा आरशासारख्या लखलखल्या आणि टाकीत पाणी आलं अंगठ्याएवढं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तुमचीच सावली पडतेय! सावली म्हणजे प्लेटांची उपासमार. सावली दिसली की आधी दूर करायची. ऊन येऊ द्यायचं. ऊन आलं की सगळं चालू होतं."

"असं होय," तुळ्या म्हणाला.

घरी जाताना वाटेत राघूबाबाची खाट लागली. राघूबाबा पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. चिंचेखाली निवांत पडला होता. अंगावर गार सावली. तुळ्या थबकला. दिवसभर उपाशी ठेवलाय म्हाताऱ्याला! त्यानं खाट धरली आणि फरफटत उन्हात आणली.

"अरे, भाजलो, भाजलो!" राघूबाबा ओरडला.

"भाजलास ना?" तुळ्या म्हणाला. "मग चालू झालास. आता पाणी येईल."

पाणी आलं. बाबाच्या डोळ्यांतून आलं.

ठकी लंगडत धावली. खाट सावलीत ओढली, बाबाच्या अंगावर ओला पंचा टाकला. "अहो, तुमचं डोकं आहे का मडकं? तापलेल्याला उन्हात टाकतात? तापलेल्याला ओलं करून झाकायचं असतं!"

"असं होय," तुळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं प्लेटांना हात लावून बघितला. चटका बसला. आठही जणींना ताप! तुळ्या घरात पळाला. ठकीनं माहेराहून आणलेली गोधडी, शेजारणीची गोधडी, राघूबाबाची घोंगडी, जे हाताला लागलं ते पाण्यात बुचकळून आणलं आणि प्लेटांना गळ्यापर्यंत पांघरूण घातलं. गळा सापडेना, म्हणून वरपर्यंत घातलं.

पंप बंद. टाकी कोरडी. ठकी सरपण आणायला दूरच्या माळावर गेली होती. ती आली तेव्हा बायका हंडे घेऊन डोहाकडे उतरत होत्या. ती आपला हंडा घेऊन निघाली. त्या दिवशी चढणीवर ती पाच ठिकाणी बसली. आणि शिव्या गुडघ्याला दिल्या नाहीत.

पुढं सोमवारपर्यंत ती रोज गोधड्या काढायची आणि तिची पाठ वळली की तुळ्या रोज घालायचा. ताप उतरत नव्हता.

तिसऱ्या सोमवारी मॅडमनी आपल्या हातानं गोधड्या काढल्या. "तुळशीराम! लेकीला कुणी असं गोधडीत कोंडून ठेवतं का?"

"नाही ठेवत."

"मग?"

"मग काय करतात?"

मॅडम चिडून मोटारसायकलवर बसल्या होत्या. "जगातले बाप लेकींसाठी जे करतात ते करा! पुढचा सोमवार शेवटचा आहे." आणि गेल्या.

तुळ्या विचार करत बसला. जगातले बाप लेकींसाठी काय करतात, हे त्याला ठाऊक होतं. पण ते आपल्या हातात नसतं. त्याला आधी समोरून माणूस यावा लागतो.

रविवारी ठकी बाजाराला गेली. गुडघ्यामुळं रात्री बहिणीकडे मुक्काम करणार होती. जाताना बजावून गेली, "कुणी आलं तर नीट बोला. बसायला द्या. तोंडावर नाही म्हणू नका."

आणि दुपारी समोरून माणूस आला. पळसपाड्याचा गोमा कारभारी, बरोबर चौघे-पाचजण. पंप कसा असतो ते बघायला आले होते. तुळ्यानं घोंगडी अंथरली. गूळ-पाणी दिलं.

गोमा प्लेटांकडे बघून म्हणाला, "देखण्या आहेत."

"आपलं म्हणून सांगत नाही," तुळ्या म्हणाला, "पण स्वच्छ आहेत. कामाला वाघ."

"नशीबवान आहात. आठ-आठ आहेत तुमच्याकडे. आमच्याकडे एक नाही." गोमानं उसासा सोडला आणि गमतीनं म्हणाला, "देता का आम्हाला?"

तुळ्या सावरून बसला. डोक्याची टोपी नीट केली.

"घर कसं आहे?"

"घर?" गोमा गोंधळला. "अंगण मोठं आहे. दक्षिणेला तोंड करून. त्या दिशेमुळं तिथं कुणी घर बांधत नाही."

"दक्षिणेला? मग जुळतंय. सावली?"

"झाड नाही एक."

"म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. पाणी?"

"झऱ्यात आहे, पण वर येत नाही. बायका मरतात चढून."

"म्हणजे घरात बाईमाणसाची गरज आहे." तुळ्याचे डोळे भरून आले. "दिल्या."

गोमानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पंच झोपले होते. "सगळ्या?"

"एकीला मागं ठेवून काय करू? रडेल ती."

तुळ्यानं पाना आणला. एकेक नट सोडला. एकेकीला कुंकू लावलं, तांदूळ-नारळानं ओटी भरली. नारळ काचेवरून घरंगळत होते, ते पुन्हा पुन्हा वर ठेवले.

गोमानं हळूच विचारलं, "आणि... पंप?"

तुळ्या रागावला. "लेकींना काय रिकाम्या हातानं पाठवू? पंप, नळी, टाकी, आंदण आहे सगळं. न्या!"

हद्दीपर्यंत तो पोचवायला गेला. तिथं हुंदके देऊन रडला. पळसपाड्याची माणसंही रडली. त्यांचं कारण वेगळं होतं.

सोमवारी मॅडम आल्या. वाटेत ठकी भेटली, तिला मागं बसवून आणलं. बघतात तर लोखंडी सांगाडा उघडा. त्याला झेंडूच्या माळा.

"प्लेटा कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

"सासरी," तुळ्या म्हणाला.

ठकीनं कुठल्या सासरी म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं पळसपाड्याकडे बोट दाखवलं. ठकी तडक त्या वाटेला लागली. तिच्या मागं मॅडम, मॅडमच्या मागं बायका, बायकांच्या मागं पंच, सगळ्यात मागं तुळ्या. पहिल्याच भेटीला जायचं म्हणून त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

पळसपाड्यात प्लेटा दगडांच्या आधारानं दक्षिणेला तोंड करून उभ्या. गोमाचा भाचा शहरात पंप बसवायच्या कामावर होता, त्यानं रातोरात सगळं जोडलं होतं. टाकीत धार पडत होती. पळसपाड्याच्या बायका पालथ्या हंड्यांवर बसून धारेकडे बघत होत्या. त्यांना बघून ठकीच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

मॅडमनी वही काढली. शब्द दिला होता. चौथा सोमवार होता आणि पंप इथं चालू होता. कागद पळसपाड्याच्या नावावर झाला.

एक प्लेट वाऱ्यानं खडखडत होती. ठकी पुढं झाली, भाच्याच्या हातातला पाना हिसकावला आणि नट आवळला. "असा आवळायचा. निम्मा नाही सोडायचा."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच. पंच पुढं उभे होते, मी मागं होते."

मॅडमनी वहीचं पान उलटलं. पुढचा पंप येईल तेव्हा करवंदवाडीला, असं लिहिलं. सांभाळणार म्हणून ठकीचं नाव लिहिलं. पंचांनी काही हरकत घेतली नाही. त्यांच्या तोंडात पळसपाड्याचं पाणी होतं.

ऊन मी म्हणत होतं. सगळे ओंजळी भरभरून प्याले. तुळ्या तेवढा लांब उभा. ओठ कोरडे पडलेले.

गोमा तांब्या घेऊन आला. "व्याही, पाणी घ्या."

तुळ्यानं हात जोडले. "लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नसतो. तिला मूल होईपर्यंत नाही."

ठकीनं पाना हातात घट्ट धरला. "अहो, मग जन्मभर तहानलेले राहणार का?"

"जन्मभर कशाला?" तुळ्या म्हणाला आणि प्लेटांसमोर ऐसपैस मांडी घालून बसला. "आठ आहेत. एकीला तरी होईलच की."