पाच फोनांवर अडकलेली सोयरीक

एका वाडीत एक भोळा गडी राहत हुता. बिरू त्याचं नाव. भोळा म्हंजी कसा? आईनं "जरा दाराकडं बघ" म्हणून सांगितलं, तर हे बेनं सांजपतूर दाराकडंच बघत बसायचं. मागनं मांजर दूध पिऊन गेलं तरी मान वळायची न्हाई. सांगितलं दाराकडं हुतं ना!

तिशी उलटली तरी बिरूचं लगीन हुईना. मेंढरामागं फिरणाऱ्याला आता पोरगी देतंय कोण? कॉम्प्युटरवाला म्हटलं की देत्यात, मग तो थोबाडानं कसाबी असू दे. म्हणून आईनं, हौसाबाईनं, त्याला धरून तालुक्याला नेला आणि दिलावर मुजावरच्या दुकानात बसवला. दिलावर मास्तर लोकांच्या वेबसाइटी करून द्यायचा. खताच्या दुकानावर एक खोली, खोलीत दोन कॉम्प्युटर. माणूस हुशार, पन डोकं तापट. बिरू आल्यापास्नं तर तव्यागत तापलेलं.

सहा महिन्यांनी शेजारच्या गावचा सिद्धाप्पा हाके दुकानात आला. त्याचा घोंगड्यांचा धंदा. घरात लग्नाची पोरगी, अंबिका. त्यानं बिरूला खालनं वर बघितलं.

"पोरा, माझ्या घोंगड्यांची वेबसाइट तू कर. आमच्या घरात पाच माणसं, पाच फोन, पाची निराळे. पाची फोनांवर सारखी दिसली तर अंबिका तुला दिली. एकावर जरी इस्कटली, तर आमच्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

"बरं," बिरू म्हणाला.

हौसाबाईनं ऐकलं आणि बिरोबाला नारळ बोलून टाकला.

आता वेबसाइटचं असं असतंय. काय लिवायचं ते एका कागदावर. ते दिसायचं कसं, रंग कुठला, अक्षर केवढं, कडंला जागा किती, ते दुसऱ्या कागदावर. ह्या दुसऱ्या कागदाला म्हणायचं स्टाइलशीट. आणि फोनातल्या ज्या खिडकीतनं पान बघायचं, तो ब्राउझर. कागद एकच, पन ब्राउझर दहा, आणि दहाच्या दहा आडमुठे. एकच निरोप दहा जावांना सांगितल्यागत. जी ती आपल्याला पायजे तसा ऐकती.

बिरूनं स्टाइलशीट लिवली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितली. झ्याक! मास्तरनं आपल्या फोनावर उघडली. घोंगडी एकमेकांवर चढलेली, भाव फोटोच्या पोटात शिरलेला.

"आरं येड्या, एका ठिकाणी बघून काय कळतंय? एकावर कधी इस्वास ठिवायचा न्हाई. समद्यांवर तपासायचं. मंग म्हणायचं बरोबर हाय."

"बरं," बिरू म्हणाला. वाडीपतूर घोकत गेला. समद्यांवर तपासायचं, समद्यांवर तपासायचं.

घरी आई चुलीफुडं. "बिरू, आमटीत मीठ बघ रं."

बिरूनं पळीभर चाखली. मीठ बरोबर हुतं. पन एकावर इस्वास ठिवायचा न्हाई! त्यानं पातेलं उचललं आन् आळीत गेला. पारूकाकीला पळीभर दिली. तिच्या तीन पोरांना दिली. न्हाव्याला दिली, न्हाव्याकडं अर्धी दाढी करून बसलेल्याला दिली. दात नसलेल्या तातोबाला दोनदा दिली, कारण त्याला पयल्यांदा कळंना. मंग पातेलं वाजवत घरी आला.

"आये, मीठ बरोबर हाय. सोळा तोंडांवर सारखं लागलं."

"आणि आमटी कुठाय?"

"तपासली."

त्या दिवशी मायलेकांनी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली.

सकाळी मास्तरनं हे ऐकलं आन् कपाळ बडवून घेतलं. "आरं आमटी चाखायची एकानं! समद्यांवर तपासायची ती वेबसाइट!"

"मंग हे आधी सांगायचं न्हाई का?" बिरू म्हणाला.

ह्याला चपलीनं हाणावं, तर चप्पल झिजती. मास्तरनं कॉम्प्युटरकडं त्वांड फिरवलं.

मंग बिरूनं घोंगड्यांच्या फोटोचे कोपरे गोल केले. तीन ब्राउझरांत गोल दिसले. दोघांत चौकोनीच.

मास्तर म्हणाला, "काही जुने ब्राउझर माजुरडे असत्यात. मोघम सांगितलेलं ऐकत न्हाईत. एकेकाचं नाव फुडं लावून तीच ओळ परत लिवायची. ह्याच्या नावानं एक, त्याच्या नावानं एक. आणि समद्यात शेवटी बिननावाची एक. गाळायचं कुणाला न्हाई."

"बरं."

घोकत घोकत बिरू वाडीला निघाला. वाटंत बघतोय तर दावं तोडून म्हस तुकानानाच्या मक्यात शिरलेली. कणसं करकरा मोडतीया. बिरू पळत पारावर आला. पारावर आठ गडी बसलेले. नुसता बोंबलला असता तर आठी गडी धावले असते. पन शिकलेला हुता ना!

"तुकानाना, म्हस मक्यात शिरली."

तुकानाना उठला. "आरं, कुणाच्या मक्यात?"

"थांबा नाना, तुमचं झालं. धोंडीअण्णा, म्हस मक्यात शिरली. शामू, म्हस मक्यात शिरली. पैलवान, म्हस मक्यात शिरली."

"आरं पन कुणाच्या?" नाना वरडला.

"मधी बोलू नका, माझं चुकतंय. तुकानाना, म्हस..."

पयल्यापास्नं परत धरलं. आठ जणांची नावं झाली. शेवटी आभाळाकडं बघून बिननावाचं एकदा सांगितलं, "म्हस मक्यात शिरली." आणि मंग म्हणाला, "नाना, तुमच्या."

तंवर म्हस मका खाऊन, वड्यात पाणी पिऊन, आपल्या पायानं घरी गेली हुती.

दुसऱ्या दिवशी तुकानाना काठी घिऊन दुकानात. मास्तरला म्हणाला, "पोराला काय शिकीवतोस ते येकदा मला बी शिकीव." मास्तरनं हात जोडले. नाना गेल्यावर बिरूकडं वळला. "गाढवा, म्हस सुटल्यावर एकदाच बोंबलायचं!"

"मंग हे आधी सांगायचं न्हाई का?"

आता काम उरलं कडंच्या जागंचं. एका फोनावर घोंगडी डावीकडं, दुसऱ्यावर उजवीकडं, तिसऱ्यावर वर लय जागा सुटलेली. मास्तर म्हणाला, "प्रत्येक ब्राउझर आपल्या मनानं जागा सोडतोय. त्याचं मन ऐकायचं न्हाई. आधी समदं शून्यावर आण. काय ठिवू नको. मंग आपल्याला पायजे तसं एकेक लाव."

"बरं."

बिरूनं स्टाइलशीटीत समदं शून्यावर आणलं, मंग नीट लावलं. पान सुतात आलं. मास्तरच्या तोंडावर सहा महिन्यांत पयल्यांदा हसू आलं. आपल्याला अक्कल आली असं बिरूला वाटलं. हितंच खरा घोटाळा.

त्याच आठवड्यात सिद्धाप्पाचा येगळा ऱ्हाणारा भाऊ मळाप्पा घर बघायला येणार हुता. पोरगी द्यायची म्हंजी घर बघत्यात. हौसाबाई गिरणीला जाताना म्हणाली, "बिरू, पावणा येतोय. घर नीट लाव."

बिरूनं समदं शून्यावर आणायला घेतलं. कणगी भाईर काढली. खाट भाईर. भांडी, मडकी, गोधड्या भाईर. देव्हाऱ्यातलं देव तुळशीपाशी ठिवलं, दोन फुलं टाकली, म्हणाला, "जरा दम धरा." चूल फोडून भाईर टाकली. मंग वर चढला आन् कौलं काढाय लागला.

तेवढ्यात डोक्यावर पिठाचा डबा घिऊन आई आली, आणि तिच्या मागोमाग मळाप्पा.

मळाप्पानं अंगणातला ढीग बघितला. "बाई, गाव सोडून चाललासा का?"

वरनं बिरू वरडला, "न्हाई पावणं, घर शून्यावर आणलंय! आता तुमी सांगाल तसं लावतो. भिताडापास्नं खाट किती लांब ठिवू?"

हौसाबाईच्या हातनं डबा सुटला. पांढरीफेक हून ती तशीच हुबी. मळाप्पा कणगीवर टेकला, शेजारनं आलेला च्या पिला, आन् निघाला. मुलखाचा कमी बोलणारा माणूस. माघारी जाऊन भावाला येवढंच म्हणाला, "घर मोकळंढाकळं हाय."

सिद्धाप्पाला ते बरं वाटलं. त्यानं ऐतवार ठरवला. फोन तपासायचे, पोरगी दाखवायची आणि जमलं तर तिथंच यादी करायची. यादी म्हंजी कागद. नवरा कोण, नवरी कोण, कोण काय करणार, समदं पंचांफुडं लिवायचं. यादी झाली की लगीन पक्कं.

हौसाबाईनं मास्तरचं पाय धरलं. "भाऊ, ह्येला आता नवीन काय शिकवू नका."

"शेवटचं एक ऱ्हायलंय, वहिनी. अक्षराचं. ते न्हाई केलं तर पान इस्कटतंय."

मास्तरनं बिरूला फुडं बसवला. "हे जे अक्षर, म्हंजी फॉन्ट, आपुन घितलंय, ते सिद्धाप्पाच्या फोनात नसलं तर?"

"फोन बदला म्हणून सांगू."

"गप. एकच नाव लिवून मोकळं व्हायचं न्हाई. शेजारी दुसऱ्या अक्षराचं नाव लिवायचं. ते बी नसलं तर म्हणून शेवटाला लिवायचं, घरात जे असंल ते चालंल. म्हंजी कधी अडत न्हाई. कळलं?"

"कळलं."

"आणि उद्या त्वांड उघडू नको. इचारलं तेवढंच बोल."

"बरं."

ऐतवारी सिद्धाप्पाच्या सोप्यात घोंगडी हातरली. पंच बसले. पाच फोन मधी ठिवले. सिद्धाप्पाचा, बायकोचा, अंबिकेचा, धाकटी लेक रेणुका हिचा आणि म्हाताऱ्या आज्जीचा. आज्जीचा फोन फुटका, काचंला चिकटपट्टी. एकेक उघडला. घोंगडी जागच्या जागी. कोपरे गोल. अक्षर ठसठशीत. चौथ्यावर तसंच. आज्जीच्या फुटक्या फोनावर बी तसंच!

"वा रं वाघा!" सिद्धाप्पानं मांडीवर थाप मारली.

अंबिका पोहे घिऊन आली. बिरूकडं बघून गालात हसली. बिरू त्वांड उघडंना. पोहे बी खाईना, कारण त्वांड उघडू नको म्हणून सांगितलं हुतं. पंच म्हणाले, पोरगं लय मर्यादशील हाय. हौसाबाईनं पदरानं डोळं पुसलं.

सिद्धाप्पा म्हणाला, "शिकल्यालं पोरगं हाय. यादी त्यालाच लिवू द्या."

बिरूच्या हातात कागद-पेन दिला. नवरदेव म्हणून त्यानं आपलं नाव लिवलं. खाली आलं, नवरीचं नाव. बिरूनं लिवलं. थांबला. डोकं खाजवलं. शेजारी आणखी लिवलं. मंग आणखी. खाली रेघ मारून कागद सासऱ्याच्या हातात दिला.

सिद्धाप्पानं मोठ्यांदा वाचाय घितलं. "नवरीचं नाव, अंबिका सिद्धाप्पा हाके." पंचांनी माना हलवल्या. "ती नसली तर रेणुका." माना थांबल्या. "ती बी नसली तर..." सिद्धाप्पाचा आवाज चिरकला. "ती बी नसली तर घरात जी असंल ती चालंल."

सिद्धाप्पानं कागद बिरूफुडं धरला.

"हे काय लिवलंस रं?"

इचारलं म्हणून बिरूनं त्वांड उघडलं. "घाबरू नका मामा. पयली मिळाली तर दुसरीला कोण हात लावत न्हाई. पन अडायला नको."

सिद्धाप्पानं कागदाचं चार तुकडं केलं. "लगीन मोडलं! ऊठ! मळ्या, काठी आण!" अंबिका आत पळाली. तिच्या मागनं रेणुका पळाली. हौसाबाईनं लेकाला दंडाला धरून उंबऱ्याकडं वढला.

कोपऱ्यात आज्जी बसलेली. ऐकायला कमी यायचं, पन कागदावरचं समदं ऐकलेलं. तिनं कानामागं हात धरला.

"आरं पोरा, घरातली कुठलीबी म्हंजी... त्यात मी बी आले का?"

मळाप्पानं काठी उगारलेली. बिरूचा एक पाय भाईर, एक आत. तरी गडी थांबला, मागं वळला आणि खरं ते सांगितलं.

"आलासा की, आज्जी. पन तुमचा नंबर शेवटाला."