टिकलीचा गुळाचा खडा

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली. तिला सापडला गुळाचा खडा. एवढुस्सा. टिकली तो ओढत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

लोटनशेठच्या दुकानापाशी आली आणि... धप्प. वरून पडला कागदी पिशव्यांचा गठ्ठा. टिकली निसटली. खडा गेला खाली. टिकलीला रडूच आलं.

"लोटनशेठ, लोटनशेठ, गठ्ठा हलवा.
माझा खडा मिळेना."

लोटनशेठ म्हणाले, "गिऱ्हाइकांना पिशव्या लागतात. गठ्ठा इथंच बरा. सिंधूकाकू घरून पिशवी आणतील, तर हलवीन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सिंधूकाकू रस्त्यात भेटल्या. त्यांची कागदी पिशवी फाटली. फर्र. बटाटे पळाले. गडगड, गडगड.

"सिंधूकाकू, सिंधूकाकू, पिशवी आणा.
लोटनशेठ गठ्ठा हलवीनात,
माझा खडा मिळेना."

काकू म्हणाल्या, "जुनी साडी दिलीय रशीदचाचांकडे. ते पिशवी शिवतील, तर आणीन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. रशीदचाचा शिंपी नुसतेच बसले होते.

"रशीदचाचा, रशीदचाचा, पिशवी शिवा.
काकू पिशवी आणीनात,
लोटनशेठ गठ्ठा हलवीनात,
माझा खडा मिळेना."

चाचा म्हणाले, "मशीनवर भुरी मांजर झोपलीय, बेटा. ती उठेल, तर शिवीन."

टिकली चढली मशीनवर. भुरी घोरत होती. घुर्र, घुर्र.

"भुरी भुरी, ऊठ.
चाचा पिशवी शिवीनात,
काकू पिशवी आणीनात,
लोटनशेठ गठ्ठा हलवीनात,
माझा खडा मिळेना."

भुरीने एक डोळा उघडला. "तांबू गाय दूध देईल, तर उठेन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तांबू कागद चघळत होती. चबड, चबड.

"तांबू तांबू, दूध दे.
भुरी उठेना,
चाचा पिशवी शिवीनात,
काकू पिशवी आणीनात,
लोटनशेठ गठ्ठा हलवीनात,
माझा खडा मिळेना."

तांबू म्हणाली, "कागद खाऊन दूध येतं का? हिरवं गवत मिळेल, तर देईन."

टिकली माळावर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. गवत दिसेचना. वर कागदच कागद.

"गवता गवता, वर ये.
तांबू दूध देईना,
भुरी उठेना,
चाचा पिशवी शिवीनात,
काकू पिशवी आणीनात,
लोटनशेठ गठ्ठा हलवीनात,
माझा खडा मिळेना."

खालून बारीक आवाज आला, "कागद उचलशील, तर येईन."

टिकली थांबली. आता कुणाकडे जायचं? कुणाकडेच नाही. तिने कागद ओढला. हलेना. पुन्हा ओढला. हलेना. मग तिने बहिणींना हाक मारली. आल्या शंभर जणी. ओढ, ओढ, ओढ. सर्र... कागद सरकला.

गवत आलं वर, लुसलुस.
तांबूने खाल्लं, दूध दिलं.
भुरी उठली, दूध प्यायली. लपलप, लपलप.
चाचांनी पिशवी शिवली. खटखट, खटखट.
काकूंनी पिशवी आणली. बटाटे आत बसले. एकही पळाला नाही.

ती पाहून शेजारणींनीही घरून पिशव्या आणल्या. कागदी पिशवी कुणी मागेचना. लोटनशेठनी गठ्ठा उचलला आणि माळ्यावर टाकला.

खाली होता खडा. जरासा चपटा. टिकलीने चाटून पाहिला. तस्साच गोड. मग तिने बहिणींना बोलावलं. एक चाटण हिला, एक चाटण तिला.

खडा संपला, गोष्ट संपली, तोंड मात्र गोडच राहिलं.