बंब आणि कमान

करंजवडीच्या नगराध्यक्ष बापूसाहेबांनी आपल्या वाढदिवसाला हमरस्त्यावर अशी बुटकी कमान उभारली, की आगीचा बंब काही तिच्याखालून जाईना. आपत्कालीन तयारीच्या सभेत हा विषय निघताच ते गरजले, "कमान निघणार नाही! बंबाचं काय ते तुम्ही बघा."

नगरसेविका सगुणाबाईंचं डोकं तापलं, पण जिभेवर त्यांनी साखर ठेवली. "राहू द्या की कमान. बंब बाजाराच्या बाजूला ठेवू, सगळं गाव तिकडंच आहे. पलीकडं आहे तो तुमचा एकट्याचा बंगला."

बापूसाहेब चपापले. "अन् तो पेटला तर?"

"तर काय, कमानीवर तुमचा फोटो आहेच की, बंगल्याकडं तोंड करून हात जोडलेला!"

सभेचा चहा यायच्या आत कमान उतरवायला माणसं धावली.