मागच्या बाकावरून घाट

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या डोक्यात उन्हाळी सहलीचे वारे शिरले. सहकुटुंब, स्वतःच्या गाडीने, हा डोंगर ओलांडून तो डोंगर आणि एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर, असा भरगच्च बेत त्याने आखला. नकाशावर बोट फिरवताना त्याची छाती फुगत असे. मुले हरखून गेली होती. पत्नी मात्र म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी राहते."

हे त्याच्या जिव्हारी लागले. दर गुरुवारी तो एका वृद्ध गुरुजींपाशी श्रवणाला जात असे. त्यांच्यापुढे त्याने मन मोकळे केले. बायकोला घाटात गाडी लागते हे खरे, पण त्याचीही सोय आपण केली आहे, तो म्हणाला. इतरांना त्रास नको म्हणून तिला सामानाजवळ मागच्या आडव्या बाकावर बसवतो, हाताशी पिशव्या देऊन ठेवतो. इतके करणारा नवरा तिला दुसरा कुठे मिळाला असता, असेही तो बोलून गेला.

गुरुजी हसले नाहीत की रागावले नाहीत. घाटमाथ्यावरचे तळे पाहायची फार दिवसांची इच्छा आहे, रविवारी घेऊन चल, सूनबाईंनाही आण, एवढेच म्हणाले.

रविवारी गाडी दाराशी आली तेव्हा गुरुजींनी भलतेच केले. चालवायला त्यांनी व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाला बसवले, त्याच्या शेजारी सूनबाईंना, स्वतः मधल्या आसनावर बसले आणि व्यापाऱ्याला मागचा बाक दाखवला. गुरूंची आज्ञा मोडायची कशी? स्वारी मुकाट्याने पिशव्यांशेजारी जाऊन बसली.

घाट लागला तरी काही वेळ त्याची बडबड चालू होती. मग ती थांबली. समोर दिसत होती ती फक्त खिडकीतून सरकणारी दरड. गाडी आता डावीकडे झुकणार की उजवीकडे, याचा अंदाज येईना. कपाळावर घाम फुटला, पोटात ढवळू लागले. थांब म्हणायची त्याला लाज वाटली, कारण मागून तसा आवाज आला की "आलंच आता, जरा दम धर" असे म्हणून तो स्वतः गाडी दामटत आला होता. अखेर पिशवीच तोंडाशी धरावी लागली. ज्याचे जळते त्याला कळते, ते असे.

तळ्याकाठी तो डोके धरून एका दगडावर बसला. पत्नीने येऊन पाणी दिले, पर्समधली आवळासुपारी त्याच्या तळहातावर ठेवली आणि काठाकडे गेली. तिने एखादा टोमणा मारला असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. ती पाण्याकडे पाहत उभी राहिली, आणि त्याच्या ध्यानात आले की बायकोला तळे पाहताना आपण आज प्रथमच पाहतो आहोत. एरवी दर तळ्याशी ती आत्ताच्या त्याच्यासारखीच डोके धरून दगडावर बसलेली असे आणि तो फोटोसाठी तिला उठवत असे. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गुरुजी शेजारी येऊन बसले. "ज्याच्या हाती चाक असते त्याला वळण आधी दिसते, म्हणून त्याचा देह सावरतो," ते म्हणाले. "मागच्याला ते अकस्मात सोसावे लागते. तू तिला नाजूक समजलास. आज जागा बदलली आणि नाजूक कोण तेही बदलले. बाळा, तिचा त्रास तू दूर केला नाहीस. तो तू फक्त स्वतःच्या दृष्टीआड केलास."

तो उठून पत्नीजवळ गेला. "तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात. तुम्ही म्हणालात, होईल सवय."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याला मान वर करवेना. त्याने हळूच विचारले, उन्हाळ्यात येशील का?

"ते नंतर बघू. आधी हे तळं नीट पाहू द्या."

उन्हे कलली तरी त्याने कुणाला घाई केली नाही. आणि परत निघताना, कुणी काही सांगायच्या आधीच, तो मागच्या बाकावर जाऊन बसला.