मधली तुळई

“मधली काढली, की उरलेल्या चार कशा छान दिसतील... नाही का, अण्णा?”

अण्णा वर बघत उभे होते.

मिरजेतल्या एका जुन्या इमारतीचा तो सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. शहापुरेबाईंनी नुकताच घेतलेला. दुरुस्तीसाठी जुनं सीलिंग उतरवलं, तेव्हा दिवाणखान्यात पाच तुळया उघड्या पडल्या होत्या. चार गुळगुळीत, सारख्या, मधाच्या रंगाच्या. मधली एक काळपट, तासणीचे घाव अंगावर तसेच असलेली, पोटात किंचित वाकलेली.

फ्लॅटचं काम मैथिली आवटेकडे होतं. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं तिने सिद्रामअण्णा पांचाळांच्या कारखान्यात रंधा मारला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. तिची कामं मासिकांत छापून आली, पुण्याहून बोलावणी येऊ लागली. अण्णांनी मात्र तिला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. आज त्यांना मुद्दाम रिक्षा करून आणलं होतं, ते एवढ्यासाठीच.

मधल्या तुळईवर तिने खडूने दोन फुल्या मारून ठेवल्या होत्या. कापणारी माणसं दुपारी येणार होती.

“ही कुणी मारली खूण?”

“मी. ती एकटीच बेढब आहे, अण्णा. सगळ्या खोलीचा तोल बिघडवते.”

“तोल...” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी चपला काढल्या. रंगाऱ्याचा शिडीचा घोडा भिंतीशी उभा होता, तो ओढून घेतला आणि चढू लागले.

“अण्णा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात तुम्ही. उतरा. काय बघायचंय ते मला सांगा.”

ते थांबले. खाली उतरून बाजूला झाले.

“चढ.”

मैथिली चढली.

“पहिली वाजव.”

तिने बोटाच्या पेरांनी ठोकलं. ढब... ढब.

“दुसरी.”

घोडा सरकवून ती पुन्हा चढली. ढब. आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज.

तिसऱ्यांदा तिने अण्णांच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. मधली सोडून ती पलीकडच्या दोन्हींकडे गेली. त्यांचाही तोच आवाज. शेवटच्या तुळईच्या कडेला तिने नख घातलं. सागाचा पातळ पापुद्रा सुटून आला. आत प्लाय. चारही नुसत्या पेट्या होत्या, सीलिंग बसण्याआधी कधीतरी कुणीतरी हौसेने ठोकलेल्या. त्यांची टोकं भिंतीला नुसती टेकली होती.

आता राहिली मधली.

तिने ठोकलं. आवाज आलाच नाही. पेरं दुखली.

तिचं टोक भिंतीत हातभर आत शिरलं होतं, दगडावर बसलं होतं. छपराचे सगळे वासे तिच्या पाठीवर होते. पोटातला बाक कशाचा, ते मैथिलीला आता दिसलं. या फुल्यांच्या बरोबर खाली शहापुरेबाईंचा सोफा यायचा होता.

ती घोड्यावरच बसून राहिली.

“काय झालं हो?” शहापुरेबाई दारातून आत आल्या. त्या निवृत्त नर्स होत्या. कुणाचा चेहरा उतरला की त्यांच्या लगेच लक्षात येई.

“काही नाही,” अण्णा म्हणाले. “पोरीने मला वेळेवर बोलावलं.”

मैथिलीने त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण हा माणूस आपल्याला असा पाठीशी घालेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. बाईंना काही कळलंही नसतं.

“मी ही कापायला सांगितली होती, बाई,” ती म्हणाली. “दुपारी कापली असती. छप्पर खाली आलं असतं. मी हात लावूनही बघितलं नव्हतं. अण्णांमुळे कळलं.”

शहापुरेबाईंनी वर तुळईकडे पाहिलं.

“मग आता हिला ठेवायची,” त्या म्हणाल्या. “आणि काम तुम्हीच पुरं करायचं.” एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

अण्णा मैथिलीकडे बघत होते. नऊ वर्षांत नव्हे, अकरा वर्षांत पहिल्यांदाच असे बघत होते. तिला शाब्बासकीची आठवणही राहिली नाही. तिने ओढणीच्या टोकाने खडूच्या दोन्ही फुल्या पुसल्या आणि खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“त्या चार पेट्या आजच उतरवते. ही एकटीच राहू दे, उघडी.”

अण्णांनी मान हलवली.

“पण तिला काय लावू, अण्णा? तेल, पॉलिश... की मेण?”

अण्णा चपला पायात सरकवत होते. ते थांबले.

“कान.”