भांडारातला कोरा रांजण

बाळांनो, ऐका, आणि तुमच्या आयांनाही हातातलं काम ठेवून घटकाभर बसू द्या. खूप खूप वर्षांपूर्वी एका राज्यात, ज्याला लागेल त्याला राजाच्या भांडारातून रांजण मिळे. काम झालं की परत करायचा. भांडारी तो उपडा करून ठेवी आणि पुढच्याने मागितला की देई. विसळायचा मात्र घेणाऱ्याने, अशी तिथली रीत.

तिथे एक बाई राहायची. तिची एकुलती एक लेक तापातून उठेना, तेव्हा तिने देवाला म्हटलं, "माझं लेकरू उठू दे, वैशाखभर वाटसरूंना पाणी पाजीन." देव पावला. पोर उठून बसली, भात मागू लागली.

वैशाखाच्या पहिल्या दिवशी बाई रांजण घेऊन आली. हळदकुंकवाची बोटं ओढली, गळ्याला आंब्याची पानं बांधली, मनोभावे हात जोडले.

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "बाहेरून अगदी नवरीसारखा नटवलास गं! आतून हात फिरवलास का?"

"इश्श, आजी! भांडारातून कोरा आलाय. आत काय भूत बसलंय?"

"तुझ्या घरी आज आला, म्हणून तुला कोरा. काल कुणाच्या घरी होता, ठाऊक आहे?"

"मुहूर्त टळतोय हो. उद्या घासते, नक्की!"

बाईने वाकून पाहिलं. आत काळोख होता. तिला वाटलं, रिकामाच आहे. तिने पाणी ओतलं. नवस लेकीसाठी, म्हणून पहिला पेला लेकीलाच दिला.

आधी तो रांजण एका शेतकऱ्याकडे होता. वाळवी लागू नये म्हणून त्याने बियाण्याला सोमल चोळून त्यात भरलं होतं. सोमल म्हणजे जालीम विष. त्याला ना वास, ना चव. बी पेरलं गेलं, विष तळाशी चिकटून राहिलं.

"आई, पोटात आग होतेय गं," म्हणत पोर मांडीवर तळमळली. दिवस मावळायच्या आत गेली.

बाई रांजण घेऊन भांडारात गेली. तो आधी कुणाकडे होता आणि त्यात काय होतं, ते सांगून भांडारी खाली मान घालून म्हणाला, "बाई, रीत तर तुम्हाला ठाऊक होती."

"होती, दादा. चूक माझीच. पण घाईत माणूस उद्यावर टाकतो. यापुढे रांजण इथूनच धुऊन जाऊ दे. मी धुईन."

तेव्हापासून ती भांडाराच्या दारात बसू लागली. प्रत्येक रांजण राखेने घासायचा, स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून ओतायचा, मगच द्यायचा. लेक काही परत आली नाही. पण त्या राज्यात पुन्हा कुणाचं लेकरू असं गेलं नाही.

म्हणून सांगते, नव्याने हाती आलेलं भांडं रिकामंच असेल असं धरून चालू नये. आधी आपल्या हाताने स्वच्छ करावं, मगच त्यात काही भरावं.